उत्तर देणारी भिंत

पन्हळी पुठ्ठा पन्हळींच्या दिशेने कापला तर पातं सरळ जात नाही. ते एखाद्या पन्हळीत शिरतं आणि तिच्याच कडेने घसरत राहतं. पट्टी कितीही दाबून धरली तरी रेघ मिलिमीटर-दीड मिलिमीटर सरकतेच. आडवं कापलं तर पातं प्रत्येक पन्हळीवर किंचित अडतं, हाताला बारीक करकर जाणवते, पण रेघ जागची हलत नाही. हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी त्या सकाळी मी आमच्या पुठ्ठ्याच्या भिंतीची पुढची बाजू पुन्हा एकदा उभी कापायला घेतली होती आणि रेघ पुन्हा सरकली होती, कारण माझं लक्ष पात्यावर नव्हतं. खिशातल्या फोनवर होतं.

फोनवर प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंचा निरोप होता: ‘अजून कळवलं नाहीत. वाट पाहते आहे.’ खोल्यांमध्ये आवाज कसा फिरतो ते मोजणारी ती प्रयोगशाळा दुसऱ्या शहरात होती. शाळांचे वर्ग, सभागृहं, दवाखाने, सगळीकडे जाऊन ते माइक लावून बसत. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केल्यापासून मला तसंच काम हवं होतं. अर्ज केला, मुलाखत दिली, निवड झाली. आता फक्त हो म्हणायचं होतं, आणि मी ते रोज उद्यावर ढकलत होते.

“ताई, आज पट्टीपेक्षा तूच वाकडी चाललीयेस,” वायरमन म्हणाला.

वायरमन म्हणजे आमच्या संघातला इलेक्ट्रॉनिक्सचा मुलगा. त्याच्या बोटांवर सोल्डरिंगचे डाग होते आणि जिभेवर काही ना काही बोचरं तयार असे. संघ तिघांचा: तो, मी, आणि कप्तान. कप्तान म्हणजे माझ्या मावशीची धाकटी मुलगी. घरी ती धाकटी, वर्कशॉपमध्ये कप्तान. मी मात्र दोन्हीकडे ताईच. वायरमन माझ्यापेक्षा फार लहान नव्हता, पण तिचं ऐकून त्यालाही ताईच म्हणायची सवय लागली होती.

धाकटीने मी कापलेला तुकडा उचलून डोळ्यांसमोर आडवा धरला. “सरकलंय. असू दे, त्याचा मागचा दरवाजा करू. पुढची बाजू मी कापते. तू आतलं बघ. हवेची भोकं नाकाच्या उंचीला घे, मागच्या वेळी गुदमरली होतीस. आणि स्टूल जरा रुंद ठेवू. जास्त वेळ बसायचंय तुला.”

मी टेप घेऊन स्टुलावर बसले आणि जमिनीपासून माझ्या नाकापर्यंतची उंची मोजली. आपण श्वास घ्यायला किती मोठी भोकं पुरतील याचा हिशोब मी एवढ्या शांतपणे करते आहे, याचं मला जरा विचित्र वाटलं. पण हातातलं काम थांबवलं नाही.

ही आमची दुसरी भिंत होती. पहिली वापरून वापरून फाटली होती.

मुळात कल्पना धाकटीची. डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला त्यांना माणसांना प्रतिसाद देणारं इन्स्टॉलेशन करायचं होतं. दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागाचा हॉल तिने निवडला, कारण तिथे माणसं तासन्‌तास एकमेकांच्या शेजारी बसतात आणि समोरच्या भिंतीकडे बघतात. मग त्या भिंतीनेच उत्तर दिलं तर? तुम्ही टकटक केलीत की भिंत आतून टकटक करेल. एवढंच. मी त्याच संस्थेत एक वर्षाचा छोटा अभ्यासक्रम केला होता आणि तो केव्हाच संपला होता. थांबले होते ते तिच्यासाठी. मावशी म्हणालीच होती, “तू नसलीस तर तिचं पान हलत नाही. तेवढं होईपर्यंत राहा.” मावशीच्या घरी मी कॉलेजपासून राहत होते. ‘तेवढं’ म्हणजे केवढं, हे विचारणं बरं दिसलं नसतं.

अशी यंत्रं करताना आधी यंत्र करत नाहीत. आधी पुठ्ठ्याचं खोकं करतात आणि यंत्राच्या जागी आत माणूस बसवतात. माणसं काय करतात, कुठे ठोकतात, किती वेळ वाट बघतात हे कळलं की मगच तारा जोडायच्या. संस्थेतल्या सरांनी शिकवलेली ही पद्धत स्वस्त आहे आणि चुका लवकर दाखवते. आमच्या खोक्यात बसायला मी लागले, कारण मी सगळ्यांत बारीक होते आणि, वायरमनच्या शब्दांत, मला गप्प बसण्याचा पुरेसा अनुभव होता.

नियम मीच लिहिले होते. समोरच्याने जितक्या वेळा ठोकलं तितक्याच वेळा उलट ठोकायचं. त्याने दोन टकटकींमध्ये जेवढी जागा सोडली तेवढीच सोडायची. स्वतःहून सुरुवात करायची नाही. यंत्राला जे जमेल तेवढंच मी करायचं होतं. पुढच्या बाजूला डोळ्यांच्या उंचीवर एक बारीक फट होती, त्यातून मला बोटं आणि बाह्या दिसत, क्वचित चेहरे.

पहिल्या दिवशी बराच वेळ मी नियम पाळले. लोक ठोकायचे, मी ठोकायचे, ते हसायचे, जायचे. मग एक बाई आल्या. हिरवा स्वेटर. त्यांनी एकदाच ठोकलं आणि कपाळ पुठ्ठ्याला टेकवलं. नियमाप्रमाणे मी एकदा ठोकायला हवं होतं. पण त्यांचं कपाळ फटीच्या अगदी खाली होतं. तिथे ठोकणं म्हणजे त्यांच्या डोक्यावर टपली मारल्यासारखं झालं असतं. मी थांबले. मग बरंच खाली, त्यांचा हात होता त्या बाजूला, बोटाच्या पेराने हळूच एकदा वाजवलं. त्या दचकल्या, हसल्या, आणि त्याच जागी पुन्हा वाजवलं. त्या दिवसानंतर मी नियम पाळले असं म्हणता येणार नाही. घाबरट ठोकणाऱ्याला मी मऊ उत्तर द्यायचे, धसमुसळ्याला उशिरा. मुलांना मुद्दाम एक टकटक जास्त. प्रत्येक प्रयोगानंतर धाकटी लोकांना सांगायची की आत माणूस आहे. बहुतेक जण हसायचे. एका आजींनी पाय दुखत नाहीत का विचारलं. आणि लोक पुढच्या वेळी आले की तरीही येऊन ठोकायचे.

मी काय करते हे मी दोघांनाही सांगितलं होतं. धाकटी भलतीच खूश झाली. वायरमनने डोक्याला हात लावला.

कारण त्यानंतर त्याला ते सगळं तारांमध्ये बसवायचं होतं. त्याने विजेवर चालणारी छोटी हातोडी केली, कंप ओळखणारी चकती पुठ्ठ्याला आतून चिकटवली. हातोडी अचूक होती. मी मोजून पाहिलं, माझ्या बोटापेक्षा कितीतरी अचूक. पण दवाखान्यात नेली की लोक दोनदा ठोकून जागेवर जाऊन बसायचे. “हा बरा आहे,” एक गृहस्थ म्हणाले, “पण आधीचा जास्त समजूतदार होता.” वायरमनने तीन-चार वेळा सगळं उचकटून नव्याने केलं. प्रत्येक वेळी आम्ही दोन्हींची तुलना करायचो: खोक्यात मी, खोक्यात हातोडी. प्रत्येक वेळी मी जिंकायचे.

“माझी स्पर्धा पुठ्ठ्याशी आहे,” तो म्हणायचा, “आणि मी हरतोय. घरी कुठल्या तोंडाने सांगू?”

मला जिंकायला आवडत होतं. आयुष्यात मी बरीच मोजमापं केली, पण मी नसले तर अडेल असं एकही काम कधी माझ्या वाट्याला आलं नव्हतं. खोक्यातून बाहेर पडले की पायांना मुंग्या आलेल्या असायच्या, केसांत पुठ्ठ्याचा भुसा, बोटाचं पेर लाल. आणि लोक विचारायचे, आत तुम्ही होतात का. त्या प्रश्नासाठी मी पुन्हा आत जाऊन बसायचे. पण आत बसलं की फोन खिशात थरथरायचा आणि मला वाटायचं, आत्ता, या क्षणी उठावं. पाठ भिंतीला टेकवायला जागा नव्हती, पाय पसरता येत नव्हते, आणि कुणीतरी बाहेर दोनदा ठोकून वाट बघत असायचं.

शेवटी धाकटीने तोडगा काढला. दवाखान्याने वर्षभर भिंत ठेवायला परवानगी दिली होती. भिंत तिथे ठेवण्याआधी सर्किट तयार होणार नव्हतं. म्हणून आत ताई बसेल, तिच्या टकटकींची नोंद होत राहील, आणि सर्किट तिच्याकडून शिकेल.

“किती दिवस?” मी विचारलं होतं.

“शिकेपर्यंत.”

“आणि नाहीच शिकलं तर?”

“ताई, तुझ्यासारखी शिक्षिका असल्यावर काय बिशाद.”

मी यावर ‘बघू’ म्हणाले. ‘बघू’ हा शब्द त्या दिवसांत मी इतका वापरला की मावशीच्याही लक्षात आलं. एकदा जेवताना ती आमच्याकडे आळीपाळीने बघत म्हणाली, “एका खोलीत झोपता, एका टेबलावर जेवता, आणि बोलायला तुम्हाला खोकं लागतं.” धाकटी हसली. मीही हसले, आणि ताटातलं संपवण्याच्या निमित्ताने मान खाली घातली. निवड झाल्याचं मी अजून कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

तर दुसरी भिंत झाली. पहिलीपेक्षा चांगली झाली. कोपरे आम्ही दुहेरी पुठ्ठ्याने घट्ट केले, पुढच्या बाजूला धाकटीने वेगवेगळ्या उंचीवर फिकट गोल रंगवले, म्हणजे कुठे ठोकायचं ते उभ्या माणसालाही कळावं आणि चाकाच्या खुर्चीतल्यालाही. स्टूल खरंच रुंद होतं. हवेची भोकं नाकाच्या उंचीला होती. तिघांनी मिळून ती हातगाडीवरून दवाखान्यात नेली.

तिथे गेल्यावर कळलं की हॉलच्या मागच्या भिंतीला रंग लागणार आहे. विभागाच्या सिस्टर, ज्या आम्हाला पहिल्या दिवसापासून सांभाळून घेत होत्या पण जाण्यायेण्याच्या वाटेत काही आलेलं खपवून घेत नव्हत्या, त्यांनी आमचं खोकं भिंतीपासून हलवायला लावलं. ठेवायचंच असेल तर खुर्च्यांच्या दोन रांगांच्या मध्ये ठेवा म्हणाल्या. धाकटीने कुरकुर केली: मागची बाजू उघडी पडते, तिथे नुसता वाकडा कापलेला दरवाजा आहे, लोकांना भिंतीची पाठ दिसणार. सिस्टर म्हणाल्या, “इथे सगळ्यांच्याच पाठी दिसतात. ठेवायचं तर ठेवा.”

ठेवलं. मी आत बसले. पुढच्या रांगेतल्या लोकांनी ठोकायला सुरुवात केली. एक प्लॅस्टर घातलेला माणूस होता, पाय समोरच्या खुर्चीवर ठेवून बसलेला. तो बसल्या जागेवरून कुबडीच्या टोकाने ठोकत होता. त्याची टकटक घाईची होती, मध्येच लांब थांबे. मी उत्तर देत होते. मग फोन थरथरला. निरोप नव्हता, फोन येत होता. प्रमुख बाई.

यापूर्वी दोनदा मी तो वाजू दिला होता. त्या दिवशी का उठले ते मला नीट सांगता येणार नाही. आत गरम होत होतं, पाय बधिर झाला होता, आणि फोन मांडीला लागून सतत गुरगुरत होता. मी मागचा दरवाजा ढकलला, वाकून बाहेर आले, आणि जिन्यापाशी जिथे आवाज कमी होता तिथे जाऊन उभी राहिले.

बाई मृदू होत्या, तेच जास्त अवघड होतं. त्या म्हणाल्या की त्यांना मी हवी आहे, पण यादीत पुढचंही कुणीतरी वाट बघतं आहे आणि त्याला ताटकळत ठेवणं बरं नाही. संध्याकाळपर्यंत कळवाल का? मी म्हणाले, संध्याकाळपर्यंत नक्की. इतक्या वेळा टाळल्यावर त्यांचा माझ्यावर विश्वास बसला असेल असं मला वाटलं नाही.

परत वळले तेव्हा हॉलमध्ये टकटक ऐकू येत होती.

आधी वाटलं, प्लॅस्टरवाला ठोकतो आहे आणि उत्तर न आल्यामुळे पुन्हा ठोकतो आहे. पण मध्ये मध्ये दुसरी टकटक होती, हलकी, जलद. त्याची थांबत थांबत, मग ही जलद. मग दोन्ही एकदम, आणि हसणं. मी दारातच थांबले. खोक्याच्या मागच्या बाजूला, माझ्या त्या वाकड्या दरवाजापाशी, एका डोळ्याला पट्टी लावलेली शाळकरी मुलगी गुडघ्यावर बसली होती आणि कान पुठ्ठ्याला लावून ठोकत होती. तिला प्लॅस्टरवाला दिसत नव्हता. त्याला ती दिसत नव्हती. दोघांच्या मध्ये रिकामं स्टूल होतं. मुलीच्या मागे तिची आई उभी होती, आणि तिच्या मागच्या रांगेतले दोघे-तिघे मान वाकडी करून बघत होते. पुढच्या बाजूला कुणीतरी उठून वरच्या गोलावर ठोकू लागलं. मागून लगेच उत्तर आलं.

मला पहिल्यांदा लाज वाटली. दुखावल्यामुळे नव्हे, शास्त्र विसरल्याची. शाळेत पहिल्याच प्रयोगात शिकवतात: खत घातलेली एक कुंडी, आणि शेजारी काहीच न घातलेली एक. आम्ही मला मोजलं, हातोडीला मोजलं, पुन्हा मला मोजलं, पुन्हा हातोडीला. खोक्यात कुणीच नसताना काय होतं हे बघावं असं आम्हा तिघांपैकी एकालाही सुचलं नाही. आणि मी तर ते सगळ्यात आधी विचारायला हवं होतं. पण रिकाम्या खोक्याची कल्पना मला तेव्हा सुचणं शक्यच नव्हतं. मी आत बसलेली होते.

धाकटी आली. ती सिस्टरांशी बोलायला गेली होती. परत येऊन तिने गर्दी पाहिली, तिचा चेहरा उजळला, आणि मग तिला मी दारात दिसले. ती माझ्याकडे आणि खोक्याकडे बघत राहिली.

“तू इथे?” ती म्हणाली. “मग आत कोण आहे?”

“कोणी नाही.”

वायरमन खोक्याला फेरी घालून आला. तो खाली वाकला, पट्टीवाल्या मुलीला काहीतरी विचारलं, पुढे जाऊन प्लॅस्टरवाल्याला विचारलं. मग आमच्याजवळ येऊन उभा राहिला.   म्हणाला की पुठ्ठ्याकडून हरलो ते ठीक, पण पोकळीकडून हरलो हे मात्र कुणाला सांगू नका. तो हसत होता, पण बोटांवरचे डाग अंगठ्याने घासत होता. त्या हातोडीवर त्याने खूप काम केलं होतं.

धाकटीला ते पटलं नाही. ती भराभर बोलू लागली. हे काय, हे तर नुसतं खोकं झालं. यात आमचं काय राहिलं? परीक्षकांना काय सांगायचं, की आम्ही एक पुठ्ठ्याचा डबा हॉलच्या मध्ये ठेवला? आणि हा योगायोग आहे, रंग वाळला की भिंत परत मागे जाईल, मागची बाजू बंद होईल, मग कोण ठोकणार? मी म्हणाले, मागे नेऊ नये. दोन्ही बाजूंना गोल रंगवू. आतली पोकळी जरा कमी करू, आवाज आणखी स्पष्ट जाईल. किती कमी करायची ते मी आजच मोजून देते. ती ऐकत होती, पण तिची नजर वाकड्या दरवाजावर होती. पट्टीवाल्या मुलीला आईने हाक मारली होती, डॉक्टरांनी आत बोलावलं होतं. मागची बाजू मोकळी झाली. पुढे प्लॅस्टरवाला दोनदा ठोकून थांबला. पुन्हा ठोकलं. कुणी उत्तर दिलं नाही.

“बघ,” धाकटी म्हणाली. “बघ ना, तो वाट बघतोय.” तिने पुढे होऊन दरवाजा उघडला आणि धरून ठेवला. आत रुंद स्टूल दिसत होतं. “ये ना, ताई. आत्तापुरतं. नंतर बोलू.”

मी पाऊल उचललं. खरंच उचललं, सवयीने गुडघा वाकलाही. मागच्या रांगेतला एक म्हातारा आपली काठी टेकत उठत होता, खोक्याकडे यायला, पण त्याला वेळ लागणार होता, आणि पुढे पुन्हा दोन टकटकी झाल्या.

“कुणाचा फोन होता मघाशी?” धाकटीने सहज विचारलं. दरवाजा अजून तिच्या हातात होता. “दारात उभी होतीस तेव्हा हातात फोन होता.”

बघू, असं माझ्या तोंडाशी आलं. त्या प्रश्नाला ते उत्तर होत नाही, हेही त्याच वेळी कळलं.

“प्रयोगशाळेचा,” मी म्हणाले. “माझी तिथे निवड झाली आहे. बरेच दिवस झाले, तुला सांगितलं नाही. मी आत येत नाही, धाकटे. आज संध्याकाळी त्यांना हो कळवणार आहे, आणि पुढच्या महिन्यात मी जाते आहे.”